हर्शी बेअर्स
हर्शी बेअर्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या हर्शी या गावातील बर्फावरील हॉकीचा व्यावसायिक संघ. अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम श्रेणीच्या साखळी स्पर्धेतील हा सर्वांत जुना संघ असून १९३८ पासून तो त्या स्पर्धेत अखंडपणे खेळत आला आहे. स्पर्धेच्या विजेत्यास दिला जाणारा कॉल्डर चषक त्याने २०२४ पर्यंत १३ वेळा जिंकला. महानगरांतील अनेक संघ स्थापन होऊन लयास गेले, असे असताना सु. १४,००० वस्तीच्या एका कारखानदारी गावातील संघ इतका काळ टिकून राहिला, यामुळे त्याच्या इतिहासाला केवळ क्रीडाविषयक नव्हे, तर सामाजिक व आर्थिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

दुय्यम श्रेणीचे स्वरूप : उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग (स्थापना १९१७). तिच्यातील प्रत्येक संघ आपले नवोदित किंवा राखीव खेळाडू दुय्यम श्रेणीच्या एखाद्या संघाकडे पाठवितो. या दोन संघांतील संबंध कराराने बांधलेला असतो व दुय्यम संघास ‘संलग्न संघ’ म्हणतात. वरच्या संघातील एखादा खेळाडू जायबंदी झाला, की खालच्या संघातील खेळाडूस बोलावणे येते. तो परत येईल की नाही, हे खालच्या संघाच्या हाती नसते. प्रशिक्षकांच्या बाबतीतही हीच स्थिती असते. त्यामुळे अशा संघास दोन धन्यांची सेवा करावी लागते. वरच्या संघाला खेळाडू घडवून हवे असतात, तर गावातील प्रेक्षकांना विजय हवा असतो. या दोन अपेक्षा नेहमीच एकमेकींशी जुळतात असे नाही. हर्शी संघाचा इतिहास हा बव्हंशी या दोहोंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

गाव आणि संस्थापक : मिल्टन एस. हर्शी (१८५७–१९४५) या उद्योजकाने कॅरॅमलचा आपला कारखाना १९०० मध्ये दहा लाख डॉलरना विकला व चॉकलेटच्या धंद्यात लक्ष घातले. लँकेस्टर शहरापासून जवळच, दुधाचा मुबलक पुरवठा असलेल्या डेरी परगण्यातील शेतजमिनीवर त्याने १९०३ मध्ये नव्या कारखान्याची उभारणी सुरू केली. १९०५ मध्ये ती पूर्ण झाली. कारखान्याभोवती कामगारांसाठी घरे, ट्रॅम, उद्यान, शाळा व पेढी अशा सोयी निर्माण होऊन हर्शी हे गाव वसले. मिल्टन व कॅथरिन हे दांपत्य निपुत्रिक होते. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी एक निवासी शाळा काढली, तर १९१८ मध्ये मिल्टनने आपली जवळजवळ सर्व संपत्ती या शाळेच्या विश्वस्त निधीस अर्पण केली. त्यामुळे कारखाना, करमणुकीची स्थळे व पुढे हॉकी संघ या सर्वांची मालकी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे या विश्वस्त निधीकडे आली. एका अनाथालयाच्या निधीच्या मालकीचा व्यावसायिक क्रीडासंघ हे उदाहरण जगात विरळाच म्हणावे लागेल.

प्रारंभ : हर्शी येथील बर्फाच्या छोट्या क्रीडागारात १९३१ च्या फेब्रुवारीत महाविद्यालयीन व हौशी खेळाडूंचा पहिला हॉकी सामना झाला. त्याला प्रेक्षकांचा उत्तम प्रतिसाद मिळाल्याने गावाचा स्वतःचा संघ असावा ही कल्पना पुढे आली. गावातील करमणुकीच्या उपक्रमांचा प्रमुख जॉन बी. सोलेनबर्गर याने या कामी पुढाकार घेतला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या संघाला ‘हर्शी बार्स’ असे नाव देण्यात आले. या नावात श्लेष होता : चॉकलेटच्या वडीला इंग्रजीत ‘बार’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा किंचित वेगळा उच्चार केला असता अस्वलवाचक ‘बेअर’ हा शब्द जवळ येतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून आलेला लॉइड ब्लिंको हा खेळाडू या पहिल्या काळात संघात दाखल झाला व पुढे व्यवस्थापक म्हणूनही त्याने दीर्घकाळ काम पाहिले.

१९३३ मध्ये हा संघ ईस्टर्न अमॅच्युअर हॉकी लीग या हौशी स्पर्धेचा संस्थापक-सदस्य झाला. संघाचे नाव म्हणजे चॉकलेटची उघड जाहिरात आहे, अशी टीका न्यूयॉर्कच्या क्रीडावार्ताहरांनी केली. त्यामुळे १९३६ मध्ये ते बदलून ‘हर्शी बेअर्स’ असे करण्यात आले. मूळ श्लेषातील व्यापारी अर्धा भाग गळून अस्वल तेवढे शिल्लक राहिले आणि तेच पुढे संघाचे बोधचिन्ह ठरले.

क्रीडागार : १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीच्या काळात मिल्टन हर्शीने कामगारांना काम मिळावे म्हणून गावात मोठ्या बांधकामांची एक मालिकाच हाती घेतली. उपाहारगृह व निवासव्यवस्था असलेले भव्य हॉटेल व समाजमंदिर १९३३ मध्ये पूर्ण झाले, तर त्यानंतर क्रीडागाराचे काम सुरू झाले. डायकरहॉफ अँड विडमन या जर्मन कंपनीत अनुभव घेऊन अमेरिकेत आलेला अभियंता अँटन टेडेस्को याने त्याचा आराखडा तयार केला. सलोह काँक्रीटच्या पातळ कवचाचे पिंपाच्या आकाराचे छप्पर ही त्या काळी अमेरिकेत नवीन गोष्ट होती. हे छप्पर बहुतेक ठिकाणी केवळ सु. ९ सेंमी. जाडीचे असून सु. ७० मी. रुंदीच्या दालनात मध्ये एकही खांब नव्हता. परिणामी कोणत्याही आसनावरून सर्व क्रीडांगण विनाअडथळा दिसे. सु. ७,२०० आसनांचे हे क्रीडागार १९ डिसेंबर १९३६ रोजी खुले झाले. त्या दिवशीच्या सामन्यात बेअर्स संघाने न्यूयॉर्क रोव्हर्सचा ३–२ असा पराभव केला. त्या वेळी गावाची लोकसंख्या क्रीडागाराच्या आसनसंख्येहून कमी होती. म्हणजे सामन्याला सारे गाव आले, तरी काही जागा मोकळ्या राहिल्या असत्या. संघाचा प्रेक्षकवर्ग त्यामुळे प्रारंभापासूनच हॅरिसबर्ग, लँकेस्टर, लेबनन व आसपासच्या शेतकरी वस्त्यांतून गोळा करावा लागला.

या क्रीडागाराशी संबंधित सर्वांत प्रसिद्ध घटना मात्र हॉकीतील नाही. २ मार्च १९६२ रोजी येथे झालेल्या व्यावसायिक बास्केटबॉल सामन्यात फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलिनने एकट्याने १०० गुण नोंदविले. त्या सामन्यास ४,१२४ प्रेक्षक उपस्थित होते.

क्रीडागार उघडल्यानंतर चार महिन्यांच्या आतच गावाच्या जीवनातील ताण उघड झाले. एप्रिल १९३७ मध्ये चॉकलेट कारखान्यातील कामगारांच्या एका गटाने संघटनेला मान्यता मिळावी म्हणून कारखान्यातच ठाण मांडून संप केला. कारखान्यास दूध पुरविणारे शेतकरी व संपाविरुद्ध असलेले कामगार यांनी ७ एप्रिल रोजी आत घुसून संपकऱ्यांना मारहाण करीत बाहेर काढले. धन्याने उभारलेल्या आदर्श गावातही श्रम आणि मालकी यांतील प्रश्न सुटलेला नव्हता, हे त्यावरून दिसून आले. हर्शीतील उद्यान, क्रीडागार व हॉकी संघ ही उदारपणाची प्रतीके होती, तशीच ती एकाच मालकाच्या सर्वव्यापी सत्तेचीही प्रतीके होती. संघाच्या टिकाऊपणाचा विचार करताना ही दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही.

अमेरिकन हॉकी लीगमध्ये प्रवेश : कॅनेडियन-अमेरिकन हॉकी लीग व इंटरनॅशनल हॉकी लीग या दोन स्पर्धांचे संघ १९३६ पासून परस्परांशी सामने खेळू लागले होते. १९३८ मध्ये त्यांचे रीतसर एकीकरण झाले आणि त्याच वर्षी हर्शीच्या संघास नव्या स्पर्धेत आठव्या संघाची जागा मिळाली. हौशी संघ व्यावसायिक झाला. १९४० मध्ये या स्पर्धेने अमेरिकन हॉकी लीग हे नाव धारण केले. तिच्या विजेत्यास मिळणारा चषक नॅशनल हॉकी लीगचा पहिला अध्यक्ष फ्रँक कॉल्डर याच्या नावाचा आहे.

पहिल्या काही वर्षांत हर्शी संघास अंतिम फेरीत वारंवार अपयश आले. १९४१, १९४२ व १९४५ या तिन्ही अंतिम लढतींत तो पराभूत झाला. मध्यंतरी दुसऱ्या महायुद्धामुळे खेळाडू सैन्यात गेले आणि १९४३-४४ च्या हंगामात स्पर्धेत केवळ सहा संघ उरले. त्यांत हर्शीचा समावेश होता. मिल्टन हर्शीचे १९४५ मध्ये निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, सात सामन्यांच्या चुरशीच्या लढतीत पिट्सबर्ग हॉर्नेट्सवर मात करून संघाने पहिला कॉल्डर चषक मिळविला.

मॅथर्स याची कारकीर्द : १९५६ मध्ये फ्रँक मॅथर्स (१९२४–२००५) हा बचावपटू खेळाडू-प्रशिक्षक म्हणून हर्शीला आला. त्याच्या आगमनाने संघाच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले. मॅथर्स नॅशनल हॉकी लीगमध्ये टोरँटोच्या संघाकडून सर्व मिळून केवळ २३ सामने खेळला होता. तथापि त्यावरून त्याच्या गुणवत्तेविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९६७ पूर्वी नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते व त्यांतील एकंदर जागा सव्वाशेच्या आसपास होत्या. त्यामुळे आज ज्यांना सर्वोच्च स्पर्धेत सहज स्थान मिळाले असते, असे कितीतरी खेळाडू आपली उमेदीची सर्व वर्षे दुय्यम श्रेणीत घालवीत. विली मार्शल हा याचे ठळक उदाहरण होय. वरच्या स्पर्धेत तो अवघे ३३ सामने खेळला, परंतु अमेरिकन हॉकी लीगमध्ये १,२०५ सामन्यांत ५२३ गोल व ८५२ साहाय्ये मिळून १,३७५ गुणांचा विक्रम त्याने प्रस्थापित केला. त्यांतील सात हंगाम तो हर्शीत होता. माइक नायकोलुक याने हर्शीसाठी १४ हंगामांत ९७२ सामने खेळून ८०८ गुण मिळविले. असे खेळाडू वर्षानुवर्षे एकाच गावात राहत, तेथेच घरे करीत आणि उन्हाळ्यात गावातच कामेही करीत. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील जो जिव्हाळा हर्शी संघाचे वैशिष्ट्य मानला जातो, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे. एका दृष्टीने खेळाडूंच्या वाट्याला आलेला अन्याय हा गावाच्या पथ्यावर पडला, असे म्हणता येईल.

मॅथर्सच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९५८ मध्ये स्प्रिंगफील्ड इंडियन्सचा आणि १९५९ मध्ये बफालो बायसन्सचा पराभव करून लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकला. १९६१, १९६३ व १९६५ च्या अंतिम फेऱ्यांत अपयश आल्यानंतर १९६९ मध्ये क्वेबेक एसेसविरुद्ध त्याने पुन्हा विजय मिळविला. १९७३ मध्ये प्रशिक्षकपद सोडल्यावरही मॅथर्स व्यवस्थापक व अध्यक्ष या नात्याने १९९१ पर्यंत संघाची धुरा वाहत राहिला. या काळात आणखी तीन चषक (१९७४, १९८०, १९८८) संघाच्या नावावर जमा झाले. ‘हॉकी हॉल ऑफ फेम’ या सन्मानदालनात १९९२ मध्ये त्याचा समावेश करण्यात आला.

या काळातच दुय्यम श्रेणीच्या खेळाडूंच्या हक्कांचा प्रश्न पुढे आला. स्प्रिंगफील्ड संघाच्या खेळाडूंनी १९६६-६७ च्या हंगामात मालकाच्या वागणुकीविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि त्यानंतर या श्रेणीतील खेळाडूंची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९६७ मध्ये नॅशनल हॉकी लीगमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली, तर १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी स्पर्धा सुरू झाली. खेळाडूंना वरच्या जागा उपलब्ध झाल्या, ही इष्ट गोष्ट होती. परंतु दुय्यम श्रेणीतील संघांचा त्यामुळे कस लागला. १९७६-७७ च्या हंगामात अमेरिकन हॉकी लीगमध्ये पुन्हा सहाच संघ राहिले. नऊ चषकांचा मानकरी क्लीव्हलँड बॅरन्स हा संघही तोपर्यंत नाहीसा झाला होता. हर्शी मात्र टिकून राहिला.

संलग्नतेचा काळ : १९७० नंतर संलग्नतेच्या करारांचे महत्त्व वाढत गेले. १९८४ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सशी झालेला करार बारा वर्षे टिकला. गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल १९८५-८६ च्या हंगामात हर्शीत खेळून पुढच्याच वर्षी वरच्या स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. १९८८ मध्ये जॉन पॅडॉकच्या प्रशिक्षणाखाली संघाने बाद फेरीतील बाराच्या बारा सामने जिंकून चषक मिळविला. गोलरक्षक वेंडेल यंग बाराही सामन्यांत विजयी ठरला.

१९९६ मध्ये फ्लायर्सने स्वतःच्याच शहरात नवा दुय्यम संघ काढल्याने हा संबंध तुटला. वरच्या संघाने पाठ फिरविल्यावर दुय्यम संघ बंद पडण्याची किंवा दुसऱ्या शहरी जाण्याची उदाहरणे या खेळात पुष्कळ आहेत. हर्शीने कोलोरॅडो ॲव्हलाँच या संघाशी करार केला व बॉब हार्टलीच्या प्रशिक्षणाखाली १९९७ मध्ये, म्हणजे नव्या कराराच्या पहिल्याच हंगामात, हॅमिल्टन बुलडॉग्जचा पराभव करून चषक जिंकला. २००५ मध्ये कोलोरॅडोशी असलेला संबंधही संपुष्टात आला. तेव्हा वॉशिंग्टन कॅपिटल्सशी (ज्याच्याशी १९७७ ते १९८४ या काळातही करार होता) पुन्हा संधान बांधण्यात आले. ब्रूस बूड्रो याच्या प्रशिक्षणाखाली २००६ मध्ये मिलवॉकी ॲडमिरल्सवर विजय मिळवून संघाने पहिल्याच वर्षी यश मिळविण्याची पुनरावृत्ती केली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, बूड्रो यास वॉशिंग्टनने मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले. विजयाची किंमत माणसे गमावून चुकवावी लागते, हा दुय्यम श्रेणीचा नियम येथेही प्रत्ययास आला.

२००२ हे वर्ष गावाच्या दृष्टीने कसोटीचे होते. विश्वस्त निधीने चॉकलेट कंपनीतील आपला नियंत्रक हिस्सा विकण्याचा विचार जाहीर केला. कामगार, रहिवासी व शाळेचे माजी विद्यार्थी यांनी त्यास तीव्र विरोध केला आणि न्यायालयानेही मनाई हुकूम दिला. अखेर सप्टेंबरमध्ये विक्रीचा बेत रद्द झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये संघ जुने क्रीडागार सोडून जवळच्या जायंट सेंटर या सु. १०,५०० आसनांच्या नव्या क्रीडागारात गेला. संघाची मालकी चॉकलेट कंपनीकडे नसून विश्वस्त निधीच्याच करमणूक व पर्यटन कंपनीकडे असल्याने विक्रीचा त्याच्यावर थेट परिणाम झाला नसता. तरीही गावाची ओळख ज्या मालकीशी निगडित होती, तीच धोक्यात आल्याने संघाच्या भवितव्याविषयी चिंता वाटणे स्वाभाविक होते.

अलीकडील यश : २००९ मध्ये बॉब वुड्सच्या प्रशिक्षणाखाली मॅनिटोबा मूसला नमवून संघाने दहावा चषक जिंकला आणि क्लीव्हलँडचा नऊ चषकांचा उच्चांक, ज्याची त्याने २००६ मध्ये बरोबरी केली होती, मागे टाकला. त्या हंगामात अलेक्झांडर जिरू याने ६० गोल केले. २००९-१० च्या हंगामात साखळीतील ६० सामने जिंकण्याचा विक्रम संघाच्या नावे नोंदला गेला. मार्क फ्रेंच या वेळी प्रशिक्षक होता. टेक्सस स्टार्सविरुद्धच्या अंतिम लढतीत घरचे पहिले दोन सामने हरल्यावर ओळीने चार सामने जिंकून त्याने चषक राखला. या दोन संघांतील जे बीगल, तसेच २०१० च्या संघातील जॉन कार्लसन हे खेळाडू पुढे २०१८ मध्ये स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या वॉशिंग्टन संघात होते. त्याच विजयाचा एक शिल्पकार असलेला गोलरक्षक ब्रेडन हॉल्टबी हाही हर्शीतच घडला होता.

२०१६ मधील अंतिम फेरीच्या पराभवानंतर संघास २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी टॉड नेल्सनच्या प्रशिक्षणाखाली कॅलिफोर्नियातील कोचेला व्हॅली फायरबर्ड्स या संघाविरुद्ध पहिल्या दोन सामन्यांत एकही गोल करता आला नसताना हर्शीने लढत सातव्या सामन्यापर्यंत नेली. त्या सामन्यातही तो ०–२ असा मागे होता. २१ जून २०२३ रोजी जादा वेळेत माइक वेकिओनी याने केलेल्या गोलामुळे ३–२ असा विजय मिळाला. २०२४ मध्ये याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सहाव्या सामन्यात, पुन्हा जादा वेळेत, मॅट स्ट्रोमच्या गोलामुळे ५–४ अशा विजयासह तेराव्या चषकाची नोंद झाली. १९४० नंतरच्या प्रत्येक दशकात किमान एक चषक, असा क्रम त्यामुळे अखंड राहिला.

नाताळाच्या सुमारास होणाऱ्या एका सामन्यात संघाने पहिला गोल करताच प्रेक्षकांनी मुलांसाठी आणलेली मऊ खेळणी बर्फावर फेकण्याची प्रथा हर्शीत २००१ पासून रूढ झाली. ही खेळणी नंतर धर्मादाय संस्थांना वाटली जातात. ५ जानेवारी २०२५ रोजी अशी १,०२,३४३ खेळणी जमा होऊन विक्रम झाला.

मूल्यमापन : हर्शी संघाच्या दीर्घायुष्याची कारणे तीन सांगता येतात. पहिले कारण मालकीचे. संघाचा मालक एखादी व्यक्ती नसून कायमस्वरूपी विश्वस्त निधी असल्याने मालकाचा मृत्यू, दिवाळखोरी किंवा लहर यांमुळे संघ विकला अथवा हलविला गेला नाही. दुसरे कारण क्रीडागाराचे. संघ व क्रीडागार एकाच मालकीचे असल्याने भाड्याच्या वादातून उद्भवणारी स्थलांतरे येथे घडली नाहीत. तिसरे कारण सातत्याचे. सोलेनबर्गर, ब्लिंको व मॅथर्स यांच्यासारखी माणसे दशकानुदशके संघाशी निगडित राहिल्याने वरचे संघ बदलले, तरी खालची परंपरा तुटली नाही. स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या खेळाडूस देण्यात येणाऱ्या पारितोषिकास सोलेनबर्गरचे नाव आहे, हे या संदर्भात लक्षणीय होय.

या इतिहासाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. एकाच धन्याच्या औदार्यावर उभ्या राहिलेल्या गावात त्या औदार्याची दिशा ठरविण्याचा अधिकार रहिवाशांना नव्हता, हे १९३७ मध्ये व पुन्हा २००२ मध्ये दिसून आले. १९३७ चा संघर्ष बळाने मिटविला गेला. २००२ मध्ये मात्र गावाने आपला आवाज न्यायालयापर्यंत पोहोचविला. या दोन घटनांमधील ६५ वर्षांत गाव आणि मालक यांच्या नात्यात जो बदल झाला, त्याचे प्रतिबिंब संघाविषयीच्या लोकभावनेतही आढळते. मालकाने कामगारांच्या करमणुकीसाठी दिलेला संघ हळूहळू लोकांनी आपला मानलेला संघ झाला. वरच्या श्रेणीकडे जाणारे खेळाडू निघून जातात, करार संपतात, क्रीडागारही बदलते. परंतु दर हंगामात तीच कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच संघाचे सामने पाहण्यास येतात. दुय्यम श्रेणीतील संघाचे खरे भांडवल हेच असते, हे हर्शी बेअर्सच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.